धूर जातो कुठे?

भाविक सज्जनहो, घरच्या गोड्या मसाल्यात दगडफूल पडते, हे माउल्यांना ठाऊक आहे. नावाला फूल, खरे म्हणजे तो बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. त्याला मुळे नाहीत. वारा आणि पाऊस आणून देतील, बहुतांशी त्यावरच त्याचा निर्वाह. म्हणून हवा नासली की पहिला घाव त्याच्यावर. १८६६ साली नायलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने पॅरिस शहरात हेच पाहिले. लक्झेंबर्ग बागेत दगडफुलाच्या पुष्कळ जाती, आणि बाकीच्या शहरात मात्र त्या दिसेनाशा!

आता कोणी म्हणेल, धूर तर आकाशात गेला, मग कोणाचे काय बिघडले? ऐका. दगडी कोळशात गंधक असते. ते जळून वायू होतो, ढगात मिसळतो आणि पावसाबरोबर तेजाब होऊन खाली येतो. अमेरिकेत लोकांनी काय केले, तर आपल्या गावावर काजळी नको म्हणून धुराडी उंच केली. गाव स्वच्छ झाले. पण तोच धूर शेकडो मैलांवरच्या रानावर उतरला.

त्या देशात न्यू हॅम्पशायर प्रांतात हबर्ड ब्रुक नावाचे अरण्य आहे. १९६३ पासून लायकेन्स, बोरमन आदी अभ्यासकांनी तिथल्या पावसाचा आणि ओढ्यांचा हिशेब ठेवला. पाऊस स्वाभाविकापेक्षा कित्येक पट आंबट निघाला. तो मातीतला चुन्याचा आणि मॅग्नेशियमचा अंश धुऊन नेई. मातीत बांधलेले अ‍ॅल्युमिनियम मोकळे होऊन मुळांना बाधे. शुगर मेपल आणि लाल स्प्रूस ही झाडे खंगू लागली. धुरातल्या नत्राची तऱ्हा आणखी निराळी. तो खतच, पण अति झाला की दोन-चार हावऱ्या वनस्पती माजतात आणि थोडक्यात भागवणाऱ्या गरीब जाती त्यांच्या सावलीत मरतात. पंगतीत बळकटांनीच वाढून घ्यावे, तसे हे!

पुढे १९९० साली तिथे कायदा कडक झाला, गंधकाचा धूर पुष्कळ घटला. मग रान लगेच सुधारले का? नाही हो! पाऊस निवळला, पण मातीतून गेलेला चुना परत कोण देणार? खडक झिजून तो भरून यायला फार काळ लागतो. शेवटी १९९९ साली अभ्यासकांनी एका पाणलोटावर चुन्याचा अंश असलेल्या दगडाची भुकटी हेलिकॉप्टरमधून पसरली. तिथली झाडे सावरली. शेजारची, जिथे भुकटी पडली नाही, ती तशी सावरली नाहीत.

सज्जनहो, यातले वर्म धरा. पाप थांबवणे ही अर्धीच गोष्ट. घेतलेले परत भरावे लागते, तेव्हा प्रायश्चित्त पुरे होते. आणि ज्याला पीडा झाली तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती परपीडा नव्हे, असे होत नाही. मुक्काम हलवताना पत्रावळी, प्लास्टिक एकत्र करून काडी लावावी, असे आपल्यालाही वाटते. आपण पुढच्या गावी निघून जातो. धूर मागच्यांच्या उरात आणि शिवारात राहतो. कारखान्यापुढे आपली शेकोटी ती केवढी? खरे आहे. पण आपले अंगण स्वच्छ, दुसऱ्याचे काही होवो, ही बुद्धी दोन्हीकडे एकच. ती आधी विझवू या. जिथे उतरलो, ती माती होती तशी परत देऊन निघणे, हीही सेवाच आहे.

रामकृष्ण हरी.