कोठाराचे दार



ऑस्ट्रिया देशात डॅन्यूब नदीच्या दक्षिण काठावर माउटर्न नावाचे एक छोटे गाव आहे. समोरच्या काठावर क्रेम्स शहर. डॅन्यूब ही एके काळी रोमन साम्राज्याची सीमा होती आणि तिच्या रक्षणासाठी येथे फावियानिस नावाची छावणी होती. तिच्या तटाचे आणि बुरुजाचे अवशेष गावात आजही उभे आहेत. २०२१ साली युनेस्कोने या सीमेच्या पश्चिम भागाचा जागतिक वारशात समावेश केला. आज मात्र आपण तटाविषयी नव्हे, तर तेथील एका विधवेच्या धान्याविषयी विचार करणार आहोत.

पाचव्या शतकात साम्राज्य खिळखिळे झाले होते. त्या काळी संत सेव्हरिन या नदीकाठच्या गावांतून लोकांना धीर देत फिरत असत. त्यांचे शिष्य युजिप्पियस यांनी सन ५११ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. त्यात ही हकिगत आहे. फावियानिसमध्ये भीषण उपासमार सुरू झाली. लोकांनी संतांना बोलावून घेतले. प्रोकुला नावाच्या कुलीन विधवेने पुष्कळ धान्य दडवून ठेवल्याचे त्यांना कळले. सर्वांसमक्ष त्यांनी तिला विचारले, तू लोभाची दासी का झालीस? देवाने आपल्या लोकांना मदत पाठवली, तर हे धान्य तुला डॅन्यूबमधल्या माशांनाच घालावे लागेल! प्रोकुला घाबरली आणि तिने धान्य गरिबांना वाटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, इन नदीच्या बर्फात अडकून पडलेली मालाची जहाजे मोकळी झाली आणि गावात अन्नधान्य आले.

आपण प्रोकुलेला लगेच दोषी ठरवतो. पण तिची बाजूही ऐकू या. तिने कोणाचे काही चोरले होते का? चरित्रात तसे म्हटलेले नाही. पुढच्या दिवसांची तरतूद करणे हे शहाणपण नव्हे काय? योसेफानेही मिसर देशात सात वर्षे धान्य साठवले आणि पवित्र शास्त्र त्याची थोरवी सांगते. मग फरक कोठे आहे?

फरक साठवण्यात आणि दडवण्यात आहे. योसेफाची कोठारे सर्वांना ठाऊक होती आणि भूक लागली तेव्हा ती उघडली गेली. प्रोकुलेचे कोठार नेमके त्याच वेळी बंद राहिले. संत थॉमस अक्वायनस मालकी हक्क नाकारत नाहीत. परंतु टोकाची गरज उभी राहते तेव्हा वस्तू सर्वांच्या होतात, असे ते सांगतात. म्हणजे धान्य प्रोकुलेचे होते हे खरे, पण शेजारी उपाशी मरत असताना ते केवळ तिचे राहिले नव्हते.

येथे एक मोह टाळायला हवा. ‘दान करा, म्हणजे जहाजे येतील’, असा सोपा धडा आपण काढतो. युजिप्पियस जहाजांचे येणे ही देवाची कृपा मानतात, आपणही मानतो. पण जहाजे आलीच नसती तर प्रोकुलेचे दान चुकले असते का? मुळीच नाही. दार उघडले तेव्हा बर्फ वितळणार हे तिला ठाऊक नव्हते. परतफेडीची खात्री झाल्यावर दिले, तर तो व्यवहार होतो. खात्री नसताना दिले, तरच ते दान.

‘उद्या माझेच कमी पडले तर?’ ही भीती आपल्या घरातही असते. ती खोटी नाही. पण उद्याची भूक अजून यायची आहे, शेजाऱ्याची भूक आज दारात उभी आहे. वाट पाहण्याची सवड आपल्याला असते, उपाशी माणसाला नसते.

सेव्हरिन ८ जानेवारी ४८२ रोजी देवाघरी गेले. सन ४८८ मध्ये त्या प्रांतातील रोमन लोकांना इटलीत जाण्याचा हुकूम झाला. घरे-शेते मागे राहिली. जाताना त्यांनी सेव्हरिन यांचे पार्थिव मात्र सोबत नेले. ज्याने त्यांना वाटून खायला शिकवले, त्याला मागे ठेवून जाणे त्यांना जमले नाही.

या आठवड्यात आपण आपल्या कोठाराच्या दाराशी क्षणभर थांबू या आणि ते कोणासाठी बंद आहे, हे स्वतःला विचारू या.