हिशेब आणि उत्तर

उपयोजित कलेच्या महाविद्यालयांतून आणि व्यावसायिकांच्या संमेलनांतून अलीकडे एक उपदेश इतक्या एकमुखाने केला जातो, की त्याची परीक्षा करण्याची आवश्यकताच कोणाला भासेनाशी झाली आहे. नोकरीच्या कामाखेरीज प्रत्येक ग्राफिक डिझायनरने स्वतःचे असे एखादे काम, ज्याला सगळे 'साइड प्रोजेक्ट' म्हणतात ते, अवश्य चालू ठेवावे. कारण त्याने हात मोकळा होतो, नवी तंत्रे अवगत होतात, पोर्टफोलिओत चार चांगली पाने वाढतात आणि आज ना उद्या त्यातूनच मोठी कामे चालून येतात, असे या उपदेशाचे सार आहे. उदाहरणादाखल हटकून स्वतंत्र संगीताचे नाव घेतले जाते: मित्रांच्या बँडसाठी पोस्टर करावे, एखाद्या लहानशा कंपनीच्या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन करावे, २०१० साली पुण्यात सुरू झालेल्या 'एनएच७ वीकेंडर'सारख्या महोत्सवांत वावरावे, म्हणजे ओळखी होतात. हा उपदेश सद्भावनेनेच केला जातो, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्या प्रेमातून अशी कामे आजवर घडली त्या प्रेमाचा त्यात मागमूसही नाही, आणि जे त्यात नाही तेच या विषयाचे मर्म आहे अशी माझी धारणा असल्यामुळे, त्याचा प्रतिवाद काहीशा विस्ताराने करणे मला अगत्याचे वाटते.

ध्वनिमुद्रिका आणि चित्रकला यांच्या संबंधाचा इतिहास येथे नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइसने १९४० मध्ये साध्या कागदी पाकिटाच्या जागी चित्रमय वेष्टन आणले, तेथपासून ब्लू नोटच्या जॅझ मुद्रिका, साठीच्या दशकातील रंगांचा उद्रेक आणि पंकच्या धामधुमीनंतर इंग्लंडात उगवलेल्या लहान लहान कंपन्या हा क्रम या क्षेत्रातल्या कोणालाही ठाऊक असतो. मला त्यातले एकच प्रकरण हवे आहे, आणि ते मँचेस्टरचे आहे.

१९७८ साली त्या शहरात टोनी विल्सन व ॲलन इरॅस्मस यांनी 'फॅक्टरी' या नावाने संगीताचे कार्यक्रम सुरू केले, तेव्हा त्यांचे पोस्टर करण्याचे काम मँचेस्टर पॉलिटेक्निकमधून नुकत्याच बाहेर पडत असलेल्या पीटर सॅव्हिल या तरुणाकडे आले. कानांचे संरक्षण करा, अशी सूचना देणारी एक पाटी त्याने पाहिली होती. तिच्यावरून त्याने पिवळ्याकाळ्या रंगांत ते पोस्टर रचले आणि ते इतक्या विलंबाने आणून दिले की जाहिरात म्हणून त्याचा काही उपयोग उरला नव्हता. पुढे याच मंडळींनी ध्वनिमुद्रिका कंपनी काढली व आपल्या प्रत्येक कृतीस अनुक्रमांक देण्याची प्रथा पाडली, तेव्हा पहिला क्रमांक कोणत्याही गीताला न देता त्या पोस्टरला देण्यात आला. १९८२ मध्ये उघडलेल्या हासिएंडा या नृत्यगृहाला ५१ हा क्रमांक मिळाला, आणि २००७ मध्ये विल्सन निवर्तला तेव्हा त्याच्या शवपेटिकेलाही ५०१ हा क्रमांक लाभला. दप्तर आहे, नोंदी आहेत, अनुक्रम आहे. परंतु जमाखर्चाच्या वहीला जे रकाने असावे लागतात त्यांतला एकही त्यात नाही, ही गोष्ट मला अतिशय अर्थपूर्ण वाटते. रूढ अर्थाचा करारनामा या कंपनीत नव्हता. संगीत संगीतकारांच्या मालकीचे, कंपनीच्या मालकीचे काही नाही, असा तेथला दंडक होता, आणि १९९२ मध्ये ती बुडू लागली तेव्हा विकत घेऊ इच्छिणाऱ्यांना आढळून आले की हिच्यापाशी विकण्याजोगे फारसे काही नाहीच.

आता उपयुक्ततावादी सज्जन येथे म्हणतील की, आमचे म्हणणे याने सिद्धच होते. पुढे सॅव्हिलला योजी यामामोतोसारख्या वस्त्रकल्पकाची कामे मिळाली, १९९० मध्ये पेंटाग्राम या विख्यात संस्थेत भागीदारी मिळाली, २०१८ साली बर्बरीचे तेव्हाचे नवे बोधचिन्हही त्याच्याच सहभागातून झाले. तेव्हा तारुण्यात केलेली ती गुंतवणूक व्याजासह परत आली की नाही? या युक्तिवादाचे आकर्षण मोठे आहे, म्हणूनच त्यातला दोष नीट दाखविला पाहिजे. परिणामाला हेतूच्या जागी बसविणे हा तो दोष होय. जो वृक्ष पुढे फळला तो फळांसाठीच लावला होता, असे फळे खाणारा म्हणू शकतो, लावणारा नव्हे. १९७८ च्या मँचेस्टरमध्ये एका क्लबातल्या कार्यक्रमाच्या पोस्टरात गुंतविण्यासारखे असे काय होते? 'ब्लू मंडे' या १९८३ च्या मुद्रिकेचे संगणकाच्या फ्लॉपीसारखे, जागोजागी छिद्रे पाडलेले वेष्टन इतके खर्चिक झाले की विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे आम्हांला तोटा होत असे, असे विल्सन सांगत असे. मुद्रिका जितकी अधिक खपेल तितकी हानी अधिक, असा व्यवहार कोणता गुंतवणूकदार पत्करील? आणि पेंटाग्राममध्ये सॅव्हिल फार काळ राहिला नाही, हेही या मंडळींनी विसरू नये; त्यांच्या गणितानुसार तेथे तर सर्व गुंतवणुकीचा परतावा त्याच्या पदरात पडत होता.

याच मताची दुसरी, अधिक सभ्य आवृत्ती अशी की, असे काम मालकालाही हितकारक असते म्हणून मालकानेच त्याला मुभा द्यावी. २००४ साली भांडवलबाजारात उतरताना गूगलच्या संस्थापकांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या कर्मचाऱ्यांनी २० टक्के वेळ गूगलच्या सर्वाधिक हिताचे वाटेल त्या कामास द्यावा असे प्रोत्साहन असल्याचा उल्लेख होता, आणि तेव्हापासून या वीस टक्क्यांचा दाखला सर्वत्र दिला जातो. पण त्या पत्राचा वाचक भागधारक होता, हे ध्यानात घ्यावे. जी मोकळीक भागधारकाला लाभ म्हणून सांगता येते ती हजेरीपटाचीच एक पुरवणी असते. त्या वेळेत कर्मचारी काय करतो हे मालकाने विचारले नाही तरी, त्यातून काय निघाले हे तो केव्हातरी विचारणारच. मी हिला वाईट म्हणत नाही. ती निराळी आहे, आणि स्वतंत्र संगीतावर जीव टाकणाऱ्या संकल्पकाची गोष्ट सांगताना तिचा दाखला देणे सर्वस्वी गैरलागू आहे.

शिवाय हे मत केवळ चुकीचे वर्णन करून थांबत नाही, ते कामही बिघडविते. आणि माझा खरा आक्षेप तेथे आहे. पोर्टफोलिओसाठी केलेली कामे पाहा. विख्यात ध्वनिमुद्रिकांची कोणीही न मागितलेली नवी वेष्टने, अस्तित्वात नसलेल्या बँडांची पोस्टरे, न झालेल्या महोत्सवांची बोधचिन्हे: यांत कौशल्य पुष्कळ असते, रंगसंगती निर्दोष असते, आणि शंभर पाहिली तरी एकही लक्षात राहत नाही. स्वातंत्र्याच्या दृष्टीने पाहिले तर ही कामे सॅव्हिलच्या कामाहून कितीतरी अधिक मुक्त आहेत; त्यांना ना मुदत, ना छापखाना, ना हट्टी संगीतकार. मग ती निर्जीव का? कारण त्यांच्या दुसऱ्या टोकाला कोणीच उभे नसते.

हे टोक म्हणजे काय, ते जॉय डिव्हिजन या बँडच्या 'अननोन प्लेझर्स' या १९७९ च्या मुद्रिकेवरून चांगले दिसते. काळ्या पटावर पांढऱ्या रेषांच्या लहरी असलेले ते चित्र आज कपड्यांवरही सर्वत्र छापलेले दिसते, परंतु ते मूळचे सॅव्हिलचे नव्हेच. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना केंब्रिजमध्ये जो पहिला पल्सार आढळला त्याच्या स्पंदांचा तो आलेख. हॅरल्ड क्राफ्ट यांच्या कॉर्नेल विद्यापीठातील १९७० च्या प्रबंधातला, आणि नंतर खगोलशास्त्राच्या एका कोशात छापला गेलेला. तो शोधून आणला जॉय डिव्हिजनच्या वादकांनी. म्हणजे आपण ज्याला स्वच्छंद निर्मितीचा आदर्श मानतो त्या कामात चित्रही दुसऱ्याचे आणि निवडही दुसऱ्याची. पण पांढऱ्यावर काळा असा तो आलेख सॅव्हिलने काळ्यावर पांढरा केला, आणि वेष्टनाची बाहेरची बाजू पांढरी असावी ही वादकांची इच्छा असतानाही काळी केली. आलेख मधोमध लहान ठेवून भोवती अंधार सोडला, आणि दर्शनी बाजूस ना बँडचे नाव येऊ दिले ना मुद्रिकेचे. येथे आज्ञापालन नाही आणि मनमानीही नाही. समोरून आलेल्या एका वस्तूला त्याने आपल्या भाषेत प्रत्युत्तर दिले आहे.

इतर मतांविषयी एकेक वाक्य पुरे. बिनमोबदल्याचे काम म्हणजे तरुणांची पिळवणूक होय, हे मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धांबाबत यथार्थ आहे, मित्राच्या मुद्रिकेबाबत नाही. केन गार्लंड याने १९६४ साली आणखी २१ जणांच्या सहीनिशी प्रसिद्ध केलेला जाहीरनामा जाहिरातबाजीहून अधिक उपयोगी कामाकडे वळण्याचे आवाहन करतो, आणि ते आदरणीय आहे. पण तो कामाचा विषय बदलू पाहतो, कामाचा संबंध नव्हे.

माझा भेद संबंधाचा आहे. ग्राफिक डिझायनर हा व्यवसायतः दुसऱ्याच्या आशयाला रूप देणारा मनुष्य असतो. एकांतात स्वतःशीच बोलणाऱ्या कवीचे स्वातंत्र्य त्याला नाही, आणि त्याने त्याची हळहळ करू नये असे मला वाटते. परंतु दुसऱ्याशी त्याचा संबंध दोन प्रकारचा असू शकतो: त्याला तो हिशेब देतो किंवा उत्तर देतो. हिशेब ज्याला द्यावयाचा तो आधी रक्कम देतो, मग मोजून घेतो, आणि मोजणी पुरी झाली की उभयतांत काही उरत नाही. उत्तर ज्याला द्यावयाचे त्याने आधी काहीतरी बोललेले असते, आणि दिलेले उत्तर खरे की खोटे, पुरे की अपुरे हे त्या बोलण्याकडे पुन्हा कान दिल्यावाचून ठरत नाही. पैसे मिळाले की नाही याचा या भेदाशी काही संबंध नाही. पगारी कामातही उत्तर देता येते. व्हॉन ऑलिव्हर हा १९८३ पासून फोरएडी या कंपनीचा नोकर होता, पण 'सर्फर रोझा' या मुद्रिकेचे त्याचे वेष्टन पाहून हा मनुष्य मालकाला हिशेब देत आहे असे कोणी म्हणणार नाही. उलट, फुकट केलेले काम पुष्कळदा निव्वळ हिशेबाचे असते, कारण ते भावी मालकापुढे आगाऊ रुजू केलेले असते.

एक अवघड उदाहरण माझ्या विरुद्ध जाते, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. रीड माइल्स याने १९५६ पासून सुमारे दहा वर्षांत ब्लू नोटसाठी पाचशेच्या आसपास वेष्टने केली. बहुधा एकदोन रंगांत, फ्रान्सिस वुल्फच्या छायाचित्रांना निर्दयपणे कापून, एका वेष्टनामागे पन्नास डॉलर घेऊन. जॅझच्या दृश्य रूपाची कल्पना आज आपण करतो ती पुष्कळशी त्याची आहे; आणि त्याला जॅझ फारसे आवडत नसे, त्याची रुची पाश्चात्त्य अभिजात संगीताची होती. मग प्रेम कोठे राहिले? मला असे वाटते की प्रेम या शब्दाने आपण नेहमी कानाची आवड समजतो आणि तेथेच चुकतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी काय घडले, वादकाच्या मनात काय होते, हे ब्लू नोटचा संस्थापक आल्फ्रेड लायन माइल्सला सांगत असे आणि त्या सांगण्याला माइल्स अक्षरांनी उत्तर देत असे. संगीत त्याच्यापर्यंत एका विश्वासू मध्यस्थाकरवी पोहोचले, पण पोहोचले. आणि मोजणीला मात्र तेथे कोणी बसले नव्हते. आवड असेल तर संबंध सुलभ होतो, एवढेच मी आता म्हणेन. ती असलीच पाहिजे असा माझा आग्रह या उदाहरणापुढे टिकत नाही.

मराठी वाचकाला हा संबंध अपरिचित नाही. कमल शेडगे 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या कलाविभागात नोकरी करीत असतानाच मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षके रेखाटीत होते, आणि वर्तमानपत्राच्या त्या चिंचोळ्या चौकटीत नाटकाची प्रकृती अक्षरांच्या वळणांतून उतरलेली दोन पिढ्यांनी पाहिली. नाट्यनिर्मात्यांनी त्यांना काय दिले असेल ते असो. अक्षर नाटकाला लागू पडले की नाही, हे बिलावरून कळण्यासारखे नव्हते.

शेवटी एक शंका राहते. संगीतकार आणि संकल्पक एकच असेल तर उत्तर कोणाला? वॉशिंग्टनमध्ये १९८० साली इयन मकाय, जेफ नेल्सन आणि त्यांचा मित्र नेथन स्ट्रेचेक यांनी 'टीन आयडल्स' या आपल्या बँडची मुद्रिका काढली. कार्यक्रमांतून साठलेले सुमारे सहाशे डॉलर एवढेच भांडवल, प्रती एक हजार. वेष्टन कसे करतात हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी एक जुने वेष्टन उकलून कागदावर गिरविले, तसे छापून घेतले, आणि एकेक कात्रीने कापून, दुमडून, डिंकाने चिकटविले. नेल्सन हा बँडचा ड्रमवादक, आणि पुढे डिस्कॉर्ड या त्यांच्या कंपनीच्या पुष्कळ वेष्टनांचा संकल्पकही. मुद्रिका हाती आली तेव्हा बँड मोडलेला होता. म्हणजे तिच्या खपाने ज्याची कीर्ती वाढावी असे कोणी उरलेच नव्हते. गुंतवणुकीची कल्पना येथे लावूनच पाहावी. पण उत्तराची कल्पना लावण्यास काही अडचण पडत नाही, कारण वाजवून संपलेले संगीत वाजविणाऱ्यालाही दुसऱ्याचे होते. नेल्सन कात्री घेऊन बसला तेव्हा ती आठ गीते त्याच्या हातून सुटून मुद्रिकेवर गेलेली होती आणि त्यांना साजेल अशी घडी घालणे एवढेच त्याच्याकडे उरले होते.