पीतबिंदूचा पिवळा

आईला संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू झालं. हळूहळू बोटं मोकळी झाली आणि घरात पुन्हा तिच्या हातच्या पोळ्या होऊ लागल्या. मात्र वर्षानुवर्षं घेतल्यास हे औषध काहींच्या दृष्टिपटलाला इजा करतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून ती रोज शेवग्याचा पाला नाहीतर पालक निवडत बसते. “हिरवं खाल्लं की डोळ्यांना काही होत नाही,” हा तिचा विश्वास.

त्या विश्वासाला थोडा आधार आहे. दृष्टिपटलाच्या मधोमध असलेल्या पीतबिंदूला पिवळेपणा येतो तो ल्युटीन आणि झिॲक्झँथिनमुळे. ही द्रव्यं शरीर बनवू शकत नाही, ती अन्नातूनच मिळतात. ल्युटीन तेलात विरघळतं, म्हणून आईची लसणाची फोडणी इथे खरंच कामाची. दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूतही हेच ल्युटीन असतं आणि गोळ्यांसाठी ते झेंडूच्याच पाकळ्यांतून काढतात.

वनस्पतींतली द्रव्यं दृष्टिपटलाला वाचवतात का, हे पाहायला प्रयोगशाळेत उंदरांना सोडियम आयोडेट टोचतात. त्याने दृष्टिपटलामागचा रंगद्रव्य-पेशींचा थर मरतो, मग त्याच्या जिवावर जगणाऱ्या प्रकाशग्राही पेशीही. वनस्पतींतली काही अँटिऑक्सिडंट्स आधीपासून दिली, तर ही हानी कमी झालेली दिसते. मी अडखळतो तो ‘आधीपासून’ या शब्दापाशी. तिथे विषाची मात्रा आणि वेळ माणूस ठरवतो. आईच्या डोळ्यांत औषध कणाकणाने साठतं. इजा झाली तर ती कधी सुरू झाली, हे तिला स्वतःलाही कळणार नाही.

‘वनस्पतीचं म्हणजे निर्धोक’ हेही खरं नाही. वयोमानाने होणाऱ्या पीतबिंदूच्या विकारावरच्या गोळ्यांत पूर्वी गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटीन असे. धूम्रपान करणाऱ्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असं दिसलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ‘एरेड्स-२’ अभ्यासाचे निष्कर्ष आले, तेव्हा त्याच्या जागी ल्युटीन-झिॲक्झँथिन सुचवलं गेलं.

परवा आई दृष्टिपटल तपासणाऱ्या ओसीटी यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून, श्वास रोखून हिरव्या ठिपक्याकडे पाहत होती. पडद्यावर तिच्या दृष्टिपटलाचे थर उमटले, एकावर एक, अखंड. निर्धास्त वाटलं ते त्या चित्रामुळे.

तुमच्या घरी कुणी हे औषध घेत असेल, तर पालेभाजी जरूर करा. पण मात्रा वजनाच्या दर किलोला रोज ५ मिलिग्रॅमच्या आत आहे ना, हे डॉक्टरांना विचारा. पहिल्या वर्षातच डोळे तपासून घ्या आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ही दरवर्षीची तपासणी पाच वर्षांच्या आधीच सुरू करा. या औषधाने गेलेली नजर सहसा परत येत नाही.