ताठ आणि वरचढ

२०२३ च्या अखेरीस ‘अ‍ॅनिमल’ हा चित्रपट आला आणि पुरुषत्व व सत्ता यांवरच्या चर्चेला ऊत आला. ती अजून थांबलेली नाही, पण खोलही गेलेली नाही. फोटोत किंवा पडद्यावर छाती काढून उभा असलेला पुरुष दिसला, की ‘पुरुषी वर्चस्व’ म्हणायचं आणि पुढच्या चित्राकडे वळायचं, एवढीच तिची रीत. कलेत राजकारण नको म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. नको म्हणणं हेही राजकारणच आहे. आजकाल पुरुषच पीडित झालाय म्हणणाऱ्यांशीही नाही; त्या तक्रारीत दुखणं कमी, दुखावलेपण जास्त. मला वाद घालायचा आहे तो माझ्या जवळच्या मंडळींशी. त्यांचं म्हणणं असं: पुरुषाची ऐट म्हणजेच सत्ता, म्हणून ती उतरवणं हेच कॅमेऱ्याचं काम.

या मताने आपल्याला पुष्कळ दिलं, हे आधी कबूल करतो. आनंद पटवर्धनांचा ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ हा माहितीपट त्याच दृष्टीतून उभा राहिला. त्याच्या दुसऱ्या भागाचं नाव ‘हीरो फार्मसी’. रस्त्यावर मर्दानगीची औषधं विकणारा आणि व्यासपीठावरून धर्माच्या नावाने मर्दानगी मागणारा, हे दोघे एकाच भीतीचे व्यापारी आहेत, हे पटवर्धनांनी दाखवलं. हा माहितीपट दूरदर्शनवर दाखवावा म्हणून २००६ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. ऐटीच्या पोटात भय असतं, हे इतक्या स्पष्टपणे आपल्याकडे क्वचितच कुणी मांडलं असेल.

पण सगळीच ऐट भयातून येते का? २०१७ मध्ये गुजरातेत, गांधीनगर जिल्ह्यातल्या लिंबोदरा गावात, मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या. उत्तर म्हणून कित्येक तरुणांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा आपला फोटो बदलला: पीळदार मिशी, वर मुकुट, खाली ‘मिस्टर दलित’. वरचा सिद्धांत लावला तर ही मिशीही उतरवायला हवी. पण ती उतरवू पाहणारे आधीच येऊन गेले होते. ज्याच्या ओठावरचा केसही दुसऱ्याच्या परवानगीवर वाढतो, त्याच्या मिशीला वर्चस्व म्हणणं म्हणजे मारणाऱ्याचीच भाषा अभ्यासू शब्दांत बोलणं.

उलट बाजूनेही पाहू. आमच्या विदर्भातल्या अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. त्यांत कष्टाने घडलेले पुरुषी देह आहेत. घाणीत उतरलेल्या त्या खांद्यांत ताकद आहे, पण सत्ता औषधालाही नाही. देह आणि सत्ता यांचं समीकरण तिथेच मोडतं.

यावर एक बिनतोड वाटणारा प्रश्न येतो: दबलेला माणूस मालकाचीच ऐट उसनी घेत नाही कशावरून? घेतो, कधी कधी घेतो. बाहेर ताठ असलेला घरात वरचढ असू शकतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहावं लागलं, कारण आंबेडकरी चळवळीच्या चित्रातून बायका गळल्या होत्या. हा आक्षेप मी झटकत नाही. पण त्यातून ऐट वाईट ठरत नाही. ऐटीचे दोन प्रकार ओळखायला हवेत, एवढंच ठरतं.

एक ताठ, दुसरी वरचढ. वरचढ माणसाला उंच दिसायला कुणीतरी वाकलेलं लागतं. ताठ माणसाला ते लागत नाही. फोटोतल्या स्नायूंवरून, मिशीवरून, कपड्यांवरून हा फरक कळत नाही. चौकटीबाहेर कोण आहे आणि ते वाकलेलं आहे का, हे विचारावं लागतं. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’ या चित्रपटात (२०२२) नागपूरच्या वस्तीतल्या आंबेडकर जयंतीत अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडतात. ‘दीवार’पासून ज्याच्या रागावर हिंदी पडद्याचं पुरुषत्व उभं राहिलं, तो नट तिथे लहान होत नाही. कारण ती तसबीर कुणालाही वाकवायला लावलेली नाही.

म्हणूनच या विषयावर बोलताना मी १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरकडे वळतो. त्या दिवशीचे बाबासाहेब छापील चित्रातल्या निळ्या सुटात नाहीत. पांढरं धोतर, पांढरा कोट, हातात काठी, चालताना सहायक नानकचंद रत्तूंच्या खांद्याचा आधार, शेजारी पत्नी सविताबाई. देह थकलेला, पुढे दोन महिनेही उरले नव्हते. बलदंडपणाची एकही खूण त्या देहावर नाही. तरी त्या दिवसाइतका ताठ पुरुष मला दुसऱ्या कुठल्या चित्रात सापडत नाही. त्याचं कारण शोधायला चौकटीबाहेरच जावं लागतं. स्वतः बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी समोरच्या लाखोंना सांगितलं, ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांनी उभं राहावं. आणि बाया-पुरुषांनी भरलेलं ते सगळं मैदान उभं राहिलं.