छापण्यास हरकत नाही

शेवटच्या प्रूफावर तीन शब्द लिहून खाली सही करण्याची छापखान्यातली जुनी रीत आहे : ‘छापण्यास हरकत नाही.’ लग्नपत्रिका असो, शाळेचे वार्षिक असो, की आपल्या मांडीवरचा हा दिवाळी अंक असो, कोणीतरी तसा होकार दिल्यावाचून यंत्राचे चाक फिरत नाही. नीतीच्या थोर ग्रंथांत सत्य, अहिंसा, अस्तेय यांची चर्चा असते, या तीन शब्दांची नसते. पण मला वाटते, जबाबदारीचा प्रश्न इतक्या नेमकेपणाने फार थोड्या ठिकाणी उभा राहतो. सही करणारा नेमके काय कबूल करतो? माझे काम कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते? आणि चूक निघालीच, तर ती कोणाची?

मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत शिकवतो. शाळेचे वार्षिक, संमेलनाची पत्रिका असल्या कामांच्या फाइली तयार करून छापखान्यात नेणे गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. हे काम वरवर पाहता कारकुनी वाटते. पण त्यातला बराचसा भाग असा आहे, की तो नीट झाला तर कोणाच्याही लक्षात येत नाही.

पानाच्या कडेचेच पाहा. चित्र पानाच्या अगदी कडेपर्यंत जायचे असेल, तर ते कडेबाहेर चारी बाजूंना तीन मिलिमीटर वाढवून द्यावे लागते. छापखान्यात याला ब्लीड म्हणतात. कटिंगच्या सुरीखाली कागदांचा गठ्ठा केसभर सरकतोच. बाहेर रंग नसेल, तर कडेला पांढरी रेघ उमटते. म्हणजे जो भाग कापून रद्दीत जायचा आहे, तोही तितक्याच निगुतीने रंगवायचा! शब्द आणि चेहरे मात्र कडेपासून आत ओढून घ्यायचे, कारण सुरी आतही सरकू शकते. दुसऱ्याच्या हाताला थोडी चूक करण्याची मुभा ठेवून आपण आपले काम करावे, याहून सौजन्य ते दुसरे काय?

रंगांचेही तसेच. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. उजेडात उजेड मिसळला की पांढरे होते. शाईत शाई मिसळली की काळवंडते. म्हणून पडद्यावरचा झगझगीत पोपटी रंग निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या या चार शायांतून तसाच्या तसा उतरत नाही. बारीक मजकूर नुसत्या काळ्या शाईतच ठेवावा लागतो. चारी शायांतून केला, तर प्लेटी किंचित सरकताच अक्षरांना रंगीत सावल्या फुटतात. आणि चारी शाया पूर्ण भरून ओतल्या, तर कागद त्या पीत नाही. पान वाळत नाही, वरच्या पानाच्या पाठीला डाग लागतो. फोनवरून आलेले लहानसे छायाचित्र ताणून पानभर केले, तर यंत्र ठिपक्यांचा आकडा तीनशेपर्यंत वाढवून दाखवील. पण आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? ‘पडद्यावर तर छान दिसत होते’ हे वाक्य प्रत्येक छापखान्याने ऐकलेले आहे. दिसणे आणि उतरणे यांतले अंतर ज्याला ठाऊक आहे, त्याने ते गिऱ्हाइकाला आधी सांगायला नको काय?

कोणी म्हणेल, ही कारागिरी झाली. यात नीती कोठे आली? त्याला मी मुंबईच्या गणपत कृष्णाजींची गोष्ट सांगतो. 1831 साली त्यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. छपाईच्या शाईत चरबी असते, म्हणून सोवळ्यातली माणसे छापील कागदाला शिवत नसत. त्यांच्यासाठी गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे सांगतात. आता, शाईत तूप आहे की चरबी, हे पान पाहून कोणाला कळणार होते? कळणार नव्हते, म्हणूनच ती नीतीची गोष्ट झाली. ज्याला तपासता येत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, येथूनच नीती सुरू होते.

छापील चुकीचा एक वाईट गुण असा, की ती एकटी येत नाही; हजार प्रतींत हजार जुळ्या बहिणींसारखी येते. 1631 साली लंडनमध्ये रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लूकस या मुद्रकांनी बायबल छापले. दहा आज्ञांपैकी व्यभिचाराचा निषेध करणाऱ्या आज्ञेतला नकारच त्यात गळला आणि धर्मग्रंथच व्यभिचाराची आज्ञा देऊ लागला! मुद्रकांना तीनशे पौंडांचा दंड झाला. ज्याच्या हातून तो शब्द सुटला त्याला नव्हे, ज्यांचे नाव त्या कामावर होते त्यांना. न्याय कठोर खरा, पण त्यामागचे तत्त्व मला मान्य आहे. मान ज्याच्या नावाने मिळतो, दोषही त्याच्याच दारी यावा.

मात्र त्या काळी आणि आज एक मोठा फरक पडला आहे. खिळे जुळवणारा कंपॉझिटर मजकूर अक्षर-अक्षर हाताळीत असे, मुद्रितशोधक तो वाचीत असे. चूक चार माणसांच्या नजरेखालून जाई. आज फाइल सरळ प्लेट करणाऱ्या यंत्रात जाते. यंत्र आज्ञाधारक आहे. दिले तेच छापते. काम सोपे झाले असे आपण म्हणतो, पण जबाबदारी हलकी झाली नाही, ती फक्त मागे सरकली. जी चौघांत वाटलेली होती, ती फाइल करणाऱ्या एकाच्या डोक्यावर येऊन बसली.

मग छापखानेवाल्याकडे काहीच उरले नाही काय? एकदा मी आमच्या तालुक्यातल्या एका छापखान्यात बसलो होतो. कोणाच्या तरी मुलीच्या लग्नपत्रिकेची प्लेट यंत्रावर चढायची होती. म्हातारे मालक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून थांबले. पत्रिकेतली तारीख आणि वार जुळत नव्हते. माणूस म्हणाला, ‘‘वार बदलून टाकू या, काका. खाली सही आहेच त्यांची.’’ मालक म्हणाले, ‘‘वार चुकलाय की तारीख, तुला काय ठाऊक? फोन लाव. शंका आपली, दुरुस्ती त्यांची.’’

मला या वाक्यात सगळे नीतिशास्त्र दिसले. ‘सही आहे ना, मग छापा’ म्हणणारा कायद्याने सुटतो, पण डोळे असून आंधळा होतो. न विचारता सुधारणारा भल्या बुद्धीने वागतो, पण दुसऱ्याच्या घरचा मुहूर्त स्वतः ठरवतो. या दोहोंमधली वाट अरुंद आहे : पाहायचे, थांबायचे, विचारायचे.

तरीही विचारण्याची सोय प्रत्येक वेळी उरत नाही. देवनागरी अक्षरे दुसऱ्याच्या संगणकावर गेली आणि तेथे तो फाँट नसला, तर रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे जाते. शाळेच्या यादीतल्या एखाद्या ऊर्मिलेचे नाव तिलाच वाचता येत नाही. म्हणून छापखानेवाले सांगतात, ‘कर्व्ह करून आणा.’ तसे केले की अक्षरांची नुसती चित्रे होतात. आता ती बिघडत नाहीत, पण कोणाला सुधारताही येत नाहीत. जे बदलण्यापासून राखले, ते दुरुस्तीलाही मुकले. म्हणून कर्व्ह करण्याआधी सगळी नावे मोठ्याने वाचावीत. त्या मुलीचे नाव छापून येण्याचा तो कदाचित पहिलाच प्रसंग असतो.

पण दहादा तपासूनही सहीला हात न लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना ती काळजी वाटते. मला तो पळ वाटतो. ज्याने सही केली नाही, त्याचे काही चुकत नाही, तसे त्याचे काही छापूनही येत नाही. ‘हरकत नाही’ याचा अर्थ ‘चूक नाही’ असा नव्हे. माझ्या हाती होते तेवढे मी पाहिले आहे, आणि यापुढे जे निघेल त्याला माझे नाव विचारा, एवढाच त्याचा अर्थ. माणसाला याहून मोठे वचन देता येत नाही. आणि याहून लहान वचनावर कोणी कोणाचा कागद काळा करू नये.