उतारशाळेचे बिल

शास्त्रवाचन : लूक १०:२५-३७



शब्बाथ शाळेतील मुलांना चांगल्या शोमरोन्याचे चित्र काढायला सांगा. लुटारू, जखमी मनुष्य, पलीकडून निघून जाणारा याजक, गाढव, सारे ती हौसेने काढतील. दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र कोणी काढत नाही. गाढव उतारशाळेच्या दाराशी पोहोचले की आपण शिक्षकही पुस्तक मिटतो. प्रभू येशू तेथे थांबत नाही. शोमरोन्याने निघताना दोन दीनार काढून उतारशाळेवाल्याच्या हाती दिले, आणि आणखी खर्च आला तर परतताना तोही चुकता करीन असे सांगितले, हे तो मुद्दाम सांगतो. एक दीनार म्हणजे किती, ते मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून कळते. द्राक्षमळ्यातील मजुराची ती एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे अनोळखी माणसासाठी दोन दिवसांची कमाई रोख, आणि वर खाते उघडे.

व्यसनात सापडलेल्या बांधवाविषयी आपण मंडळीत बोलतो तेव्हा तेल व द्राक्षारसापर्यंत येतो आणि पैशापाशी अडतो. (द्राक्षारस येथे जखमेवर औषध म्हणून ओतला आहे. तो पुरावा म्हणून कोणी पाळकापुढे आणू नये. माझ्यापुढे तो दोनदा आणला गेला आहे.)

मी सीमाभागातील एका मंडळीत सेवेला होतो तेव्हाची गोष्ट. एका रंगाऱ्याची पत्नी सोमवारी सकाळी बंगल्यावर आली. तिच्या हातात मुलाची शाळेची वही होती व मागच्या पानांवर तिने हिशेब मांडला होता. नवऱ्याची दारू दिवसाला दीडशे रुपयांची. वर्षाचे ५४,७५० रुपये होतात, हे तिने स्वतः गुणाकार करून काढले होते. “पाळकसाहेब, एवढे पैसे आम्ही दरसाल देतोच आहोत,” ती म्हणाली, “त्यापेक्षा एकदा दवाखान्याला देऊ.” तिचे म्हणणे मी कमिटीपुढे ठेवले. गरीब फंडातून पैसे मंजूर झाले, तो उपचाराला गेला, परत आला आणि पुढे चार महिने बायकामुलांसह उपासनेला येत राहिला. त्याने साक्षही दिली. आम्ही सर्वांनी त्याचे हात हाती घेतले.

नाताळच्या आठवड्यात तो पुन्हा प्यायला. ती पुन्हा आली. या वेळी कमिटीत एकच वाक्य निरनिराळ्या तोंडांतून निघाले, “एकदा दिले ना?” अध्यक्षस्थानी मी होतो. मी एवढेच म्हणालो, की आपण त्यांना प्रार्थनेत ठेवू या. तसा ठराव लिहिला गेला. नुकत्याच झालेल्या हंगाम सणाच्या लिलावात आमच्याच एका वडिलांनी एक भोपळा दोन हजारांना घेतला होता आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या पैशाचे ध्वनिक्षेपक आले.

पुढे काय झाले ते सांगणे मला सोपे नाही. कोणीतरी सल्ला दिला, त्याला खोलीत कोंडा, उपास-प्रार्थना करा, तीन दिवसांत सुटेल. घरच्यांनी कोंडले. तिसऱ्या रात्री त्याला फेफरे आले. भिंतीवर माणसे दिसू लागली, अंग तापाने फणफणले. पहाटे सरकारी इस्पितळात नेले म्हणून तो वाचला. हे आपल्या शिक्षकांनी व वडिलांनी नीट समजून घ्यावे. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याची दारू एकाएकी बंद केली तर पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. म्हणून ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात. शांत करणारी औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व वेळेवर द्यावे लागते. तसेच “रुग्णाच्या नकळत दारू सोडवा” अशा जाहिरातींचे. दारूशी न जमणारी एक गोळी डॉक्टर देतात खरी, पण रुग्णाला सांगून आणि त्याच्या संमतीने. ती चोरून चहात घातली व तो वर प्यायला, तर जिवावर बेतते. स्वस्तातला उपाय म्हणून असल्या गोष्टी घरात शिरतात, आणि त्या शिरतात याचे कारण पुष्कळदा हेच, की योग्य उपचारासाठी ज्यांच्याकडे हात पसरला त्यांनी हात मागे घेतला.

आता खर्च म्हणजे नेमके काय? पहिल्या आठवड्याचे इस्पितळ हा त्यातला लहान भाग. त्यानंतर मन सावरण्याचे काम असते व त्याला वेळ लागतो. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणाचा निवासी उपचार पाच आठवड्यांचा आहे. रंगाऱ्याची रोजची मजुरी सहाशे धरली, तर ३५ दिवसांत घरात न आलेले पैसे २१,००० होतात. घरभाडे, फी, किराणा थांबत नाही. वर बेळगावहून पुण्याची रात्रभराची बस, तीही घरच्यांना भेटीसाठी वरचेवर. पुढे वर्षभर तपासणी आणि औषधे. आपण केंद्राची पावती तेवढी पाहतो. घरची चूल हा उपचाराचाच खर्च आहे, हे गरीब फंडाच्या वहीत कोठे लिहिले जात नाही.

सारेच खर्चाचे आहे असेही नव्हे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, बंगळुरूचे निम्हान्स ही सरकारी ठिकाणे आहेत, आणि केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रेही आहेत. १४४४६ या क्रमांकावर फुकट फोन करून जवळचे केंद्र विचारता येते. औषध कोणत्याही भाषेत लागू पडते, पण मनातले बोलायला मायबोली लागते. तेव्हा आपल्या मराठी माणसाला कोठे पाठवावे याचा विचार करताना तेही पाहावे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी सुरू झालेली मंडळी सभासदांकडून फी घेत नाही आणि बाहेरच्यांची देणगीही स्वीकारत नाही. त्यांना हवी असते ती एक खोली, आठवड्यातून एखादी संध्याकाळ. आपल्या किती चर्चच्या खोल्या संध्याकाळी कुलूपबंद असतात!

विम्याचे म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांशी जोडलेले मनोविकार मानसिक आजारांतच धरले आहेत, आणि मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा असावा असे म्हटले आहे. तरी पुष्कळ पॉलिसींच्या अपवादांत व्यसनाचा उपचार लिहिलेला असतो. मंडळीत विम्याचे काम करणारा एखादा तरी बांधव असतोच. त्याने अशा घरी बसून ते बारीक अक्षर वाचून दाखवावे, हीसुद्धा सेवा आहे. केंद्र सरकारसाठी केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचे दिसले. उरलेले ३७ वाटेवरच आहेत.

आता त्या “एकदा दिले ना?” कडे येतो. जखम भरत येऊन पुन्हा चिघळते, हे शोमरोन्याला ठाऊक असावे. म्हणून त्याने दोन दीनारांवर हिशेब मिटवला नाही. व्यसन हा उलटणारा आजार आहे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर दुसऱ्यांदा वाढली तर आपण त्याला इन्सुलिन नाकारत नाही, त्याने सणाला दोन पुरणपोळ्या खाल्ल्या हे ठाऊक असूनही. एकदा घसरलेल्याला आपण नाकारतो, कारण आपल्या मनात तो आजारी नसून अपराधी असतो. अपराध त्यात नाही असे मी म्हणत नाही. त्या बाईने मार खाल्ला आहे आणि तिच्यापुढे मी तसे म्हणू शकणार नाही. पण यरीहोच्या वाटेवरचा मनुष्य एकटा का निघाला होता, हे शोमरोन्याने आधी विचारले नाही.

दुसऱ्या खेपेचा खर्च तिने बांगड्या गहाण ठेवून भागवला. त्या सुटल्या नाहीत. व्याज मुदलावर चढले आणि सोनाराने त्या मोडल्या. तो मनुष्य त्यानंतर आणखी एकदा घसरला व पुन्हा उठला. आज तो कामावर जातो.

या वर्षीच्या लिलावाचे निम्मे पैसे व्यसनोपचारासाठी आणि त्या काळातील घरखर्चासाठी वेगळे ठेवावेत, असा ठराव मी माझ्या सध्याच्या मंडळीच्या कमिटीपुढे आणला आहे. माझ्या दोन दिवसांचा पगार मी त्यात आधीच जमा केला. खजिनदारांनी विचारले, “आणि पाळकसाहेब, तो पुन्हा प्यायला तर?”

“तर खात्यावर शिल्लक किती राहील,” मी म्हणालो, “ते मला आताच काढून द्या.”