चेहरा एकीचा, शेरे दुसऱ्यांचे

कर्जत-खालापूरच्या वाड्यांत टिपलेले चेहरे हौशी फोटोग्राफरांच्या बैठकीत हमखास भाव खातात. म्हातारी ठाकरीण, कृष्णधवल, मागचं सगळं धूसर, सुरकुत्या मात्र खणखणीत. शेरेही ठरलेले. "काय कॅरेक्टर आहे!" "डोळे अजून शार्प हवे होते." "डावीकडून जरा क्रॉप कर." शनिवारची लोकल पकडून नेरळ-भिवपुरीला उतरणाऱ्या नवशिक्याला असे शेरे मिळायलाच हवेत. भर दुपारच्या उन्हात उभं केलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. त्यालाच पडवीत दोन पावलं आत घेतलं, की अंगणावरून परतणारा मऊ उजेड थेट डोळ्यांत शिरतो. हे कोणीतरी तोंडावर सांगावं लागतं. "अप्रतिम!" म्हणून पुढच्या फोटोकडे वळणारा ते सांगत नाही, म्हणून मला टीकाकारापेक्षा त्याचीच धास्ती जास्त.

पण या सगळ्या चर्चेत जिचा चेहरा आहे तिला कोणी विचारत नाही.

प्रिंट तिच्या हातात द्या. "पाय कुठं गेले?" "एवढी काळी हाय का मी?" "लुगडं तरी बदलू द्यायचं होतंस." फोटोग्राफर यावर कौतुकाने हसतो आणि विषय संपवतो. मला यात रोखठोक समीक्षा दिसते. फोटो कशासाठी, याचं उत्तर तिच्याकडे तयार आहे: भिंतीवर लावण्यासाठी. माणूस गेल्यावर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणावा लागतो, अशी घरं इथे कमी नाहीत. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाची वाट त्याच वाडीतून जायची, म्हणजे तिथले चेहरे शहरातल्या कितीतरी हार्ड डिस्कांत असणार. त्यातल्या किती चेहऱ्यांची एक प्रत वाडीत पोचली होती?

पार्श्वभूमी पुसायची हौसही जुनीच. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यातल्या विल्यम जॉन्सनने इथल्या जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये काढले. माणसं एका ठिकाणी टिपायची आणि मागे दुसऱ्याच निगेटिव्हमधलं दृश्य जोडायचं, अशी त्यातली कारागिरी. आज तेच काम लेन्स एका क्लिकमध्ये करते. वाडी विरघळते, चेहरा उरतो.

म्हणून जिचा फोटो तिचाच शब्द अखेरचा मानावा, असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर सगळेच फोटो ओळखपत्रासारखे ताठ येतील. शिवाय पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून तीही "बरा हाय" म्हणते, आणि ते "बरा" बैठकीतल्या "अप्रतिम"इतकंच पोकळ. कसा वाटला, असं विचारूच नये. दोन प्रिंट पुढे ठेवाव्यात, एक आपल्या पसंतीची, एक तिने सांगितल्यासारखी काढलेली, आणि कोणती ठेवून घेते ते पाहावं. शेजारणीला कोणती दाखवते, पेटीत कोणती जाते, यावरून जे कळतं ते बैठकीत कळत नाही.

मात्र वेळ सांभाळावी लागते. दिवाळी झाली की याच भागातली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत प्रिंट घेऊन जाणाऱ्याला दाराला कडी दिसते.